बेने इस्राएली कबरीवरचा दगड कसा वाचावा

पुण्यात आम्हा बेने इस्राएलींच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, दफनभूमीत आजीच्या वडिलांची कबर आहे. उभा संगमरवर, वरच्या ओळी हिब्रू, खालच्या देवनागरी. हल्ली इस्राएलमधल्या लोद, अश्दोदहून नातेवाईक फोन करतात, "आमच्या पणजोबांची कबर सापडते का बघ गं." म्हणून मी कसं शोधते ते लिहिते.

शनिवारी आणि सणाला जाऊ नका, त्या दिवशी आम्ही कबरीवर जात नाही. आधी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, विचारा. आम्ही रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोत विचारतो. डोकं झाकायला रुमाल घ्या, शिवाय पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि हातात मावेल असा आरसा.

दगड घासू नका, हे हात जोडून सांगते. आमच्याच घरात एकानं भल्या मनानं फरशी धुवायचं अॅसिड वापरलं. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, अॅसिडनं तो विरघळतो. हिब्रूच्या दोन ओळी कायमच्या गेल्या. अक्षरांत खडूही भरू नका. नुसतं पाणी घ्या, खालून वर हलक्या हातानं ब्रश फिरवा. मग सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर आरशानं उजेड बाजूनं, तिरपा पाडा. कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि झिजलेलं नावही उठून दिसतं. त्याच क्षणी फोटो काढा.

आता वाचायला घ्या. हिब्रू उजवीकडून डावीकडे. माथ्यावर बहुतेक 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं असतात, म्हणजे 'इथे पुरलं आहे'. तळाशी पाच: ताव, नून, त्सादी, बेत, हे. त्यांचा अर्थ, त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. नावापुढे 'बेन' आलं की अमक्याचा मुलगा, 'बत' आलं की मुलगी. मराठीत सामाजी असेल तर हिब्रूत शमुएल सापडेल, रहमाजी असेल तर रहामीम. दोन्ही नावं लिहून घ्या.

सालाशी मी स्वतः अडले होते. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजार बहुधा गाळलेले असतात. पणजोबांच्या दगडावर ताव, रेश, पे, हे. म्हणजे 400, 200, 80, 5, बेरीज 685. त्यात 1240 मिळवले की 1925. पण खाली मराठीत स्वच्छ 1924! कोरणाऱ्याची चूक समजून मी दोन दिवस हळहळले. मग महिना वाचला: किस्लेव, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराचा. आमचं वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं. त्यामुळे तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष कमी करायचं. दगड बरोबर होता.

आडनाव घाईनं सोडू नका. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही नावं कोकणातल्या गावांवरून आली आहेत. इंग्रजांच्या मुंबई लष्करात आमची बरीच माणसं होती, पलटणीबरोबर कुटुंबं ठिकठिकाणी गेली. देवनागरीत सुभेदार, जमादार असा हुद्दा किंवा पलटणीचा नंबर दिसला तर जसाच्या तसा उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. सापडेना झालेला माणूस पुष्कळदा त्या नंबरावरूनच जुन्या कागदांत सापडतो.

निघताना कबरीवर एक लहान खडा ठेवा, बाहेर पडल्यावर हात धुवा. फोटो त्याच संध्याकाळी पाठवा. तिकडे फोनपाशी कुणाची तरी म्हातारी आई बसलेली असते.