अंगणातल्या सीताफळाला फुलं लागतात पण फळ धरत नाही? मग हे वाचा

"सीताफळाला काय करावं लागतंय, बी थुंकलं की झाड येतंय" असं आपल्याकडं कुणी बी सांगतं. खरंच आहे ते. धारूरच्या किल्ल्याभोवती, बालाघाटाच्या डोंगरात, दौलताबादकडं मुरमात-दगडात झाडं उभी आहेत, त्यांना कुणी ड्रिप टाकलं नाही की खत दिलं नाही, अन् बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते असल्याच डोंगराच्या जिवावर. पण तेच झाड कॉलनीतल्या प्लॉटमध्ये लावलं की तक्रार ठरलेली, झाड स्लॅबला टेकलं, मे महिन्यात फुलं ढीगभर आली अन् सगळी गळून गेली. म्हणजे झाड जगवणं अवघड नाहीच, फळ धरवून घेणं हे काम आहे. त्यासाठी पाणी कधी तोडायचं ते कळलं पाहिजे आणि सकाळी थोडा वेळ फुलांजवळ उभं राहायची तयारी पाहिजे. बाकीचं पटपट सांगतो.

रोप कलमाचंच घ्या. बियाचं झाड पण चालतं, तीन-चार वर्षांनी फळ देतं, पण कलम लवकर येतं आणि फळ कसं निघणार ते आधीच माहीत असतं. जातींमध्ये बाळानगर सगळीकडं मिळतं, धारूर-6 ही आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची निवड आहे (अंबाजोगाईला त्यांचं सीताफळ संशोधन केंद्रच आहे), आणि बार्शीकडची एनएमके-1 गोल्डन आजकाल सगळ्यांना पाहिजे असते कारण बिया कमी आणि तोडल्यावर जास्त दिवस टिकतं. चवीला मला अजून बी गावरानच आवडतं, पण ज्याची त्याची आवड. नर्सरीत कलमाचा जोड नीट बघून घ्या, नुसत्या खुंटाला (जोडाखालच्या बुडख्याला) फुटवे आलेलं रोप गळ्यात मारतात कधी कधी. घरी आल्यावर पण जोडाच्या खालून फूट आली की लगेच मोडायची.

लावायचं जून-जुलैत, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. आपली काळी भारी जमीन कापसाला चांगली, सीताफळाला नाही, पावसाळ्यात पाणी धरून ठेवते अन् मुळं सडतात. म्हणून काळी माती असंल तर खड्ड्यात निम्मा मुरूम घाला, शेणखत दोन पाट्या, निंबोळी पेंड किलोभर, आणि रोप जरा उंचवट्यावर लावा म्हणजे बुडाला पाणी साचणार नाही. गच्चीवर लावायचं तर दोनशे लिटरचा निळा ड्रम मधून कापा, बुडाला भोकं पाडा, त्यात पण मुरूम-माती-शेणखतच, नुसतं कोकोपीट नको. ऊन दिवसभर पाहिजे. भिंतीच्या सावलीत झाड वाढतं पण फळ म्हणाल तर नाही.

आता पाणी. पहिले दोन उन्हाळे रोपाला जगवायचं, आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर आणि बुडाला पाचटाचं नाहीतर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. ड्रममधल्याला उन्हाळ्यात एक-दोन दिवसाआड लागतं. पण जमिनीतलं झाड मोठं झालं की उलटं करायचं, फळं संपली की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतील, गळतील, घाबरायचं नाही, ते झोपलंय. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, असल्या मुलखात उन्हाळ्यात पानं गाळून गप उभं राहणारं झाड म्हणजे सोयच आहे. आपण मात्र बारा महिने नळी सोडतो, मग झाड नुसतं पाल्यावर जातं.

मार्च संपता संपता छाटणी करा. वाळकी, आत घुसलेली, एकमेकींत अडकलेली काडी काढायची आणि गेल्या वर्षीची फूट निम्मी कापायची, कारण फुलं बहुतेक नव्या फुटीवरच येतात. आणि एक गंमत आहे, सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडात लपलेला असतो, पान गळल्याशिवाय तो फुटतच नाही. म्हणून राहिलेली पानं हातानं ओरबाडून टाका. मेच्या मध्यावर आळं करून शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या, म्हणजे मृगाच्या आसपास फुलं येतात. त्याच्या आधी आलेल्या फुलांचा नाद सोडा. 42-43 डिग्रीत कोरड्या हवेनं फुलाचा चिकटा वाळून जातो, परागकण बसून पण रुजत नाही.

आता मुख्य काम. सीताफळाच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात पण एका वेळी नाही. फूल जरा फाकलं, पाकळ्यांची टोकं नुसती सुटलीत, आतला मधला गड्डा ओला चमकतोय, तेव्हा ते मादी असतं. नंतर पाकळ्या पूर्ण उघडतात, आतले पुंकेसर मळकट होऊन सुटे व्हायला लागतात, तेव्हा ते नर, पण तोपर्यंत त्याची स्वतःची मादीची वेळ निघून गेलेली असते. रानात हे काम बारीक भुंगेरे करतात, फुलाच्या वासानं आत शिरतात. कॉलनीत, त्यात फवारणी करणारे शेजारी असले तर, ते भुंगेरे कुठून येणार? मग आपणच व्हायचं भुंगेरा. सकाळी नऊच्या आत पूर्ण उघडलेली फुलं तोडून कागदावर किंवा काड्यापेटीत झटका, पिवळसर पावडर आणि पुंकेसर पडतात. पोरांच्या रंगपेटीतला मऊ बारीक ब्रश त्यात बुडवायचा, अर्धवट फाकलेल्या फुलाची पाकळी बोटानं हलकी बाजूला करायची आणि गड्ड्याला सगळीकडून गोल फिरवायचा. एका बाजूनंच लावलं तर फळ वाकडं होतं, कारण फळाचा एकेक फुगवटा म्हणजे गड्ड्यातला एकेक फळलेला स्त्रीकेसर, जिथं पराग पोचला नाही तिथं खड्डा. जाड फांदीवरची फुलं निवडा, शेंड्यावरचं फळ पेलत नाही. आठवड्यात कळतं, नाही धरलं ते गळतं, धरलं ते हिरवं राहतं. पहिल्या वर्षी दहा-बारा फळांवर समाधान माना, सगळीच ठेवली तर फळं लिंबाएवढी राहतील.

पावसाळ्यात पिठ्या ढेकूण येणारच, पांढरा कापसासारखा. त्याच्या मागं मुंग्या असतात, त्याच त्याला झाडावर नेतात, म्हणून खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा (ग्रीस थेट सालीला लावू नका). तरीपण आला तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घोळून संध्याकाळी फवारा. काळी पडून वाळलेली फळं झाडावरच लोंबकळत राहतात, ती तोडून लांब टाका, रोग तिथूनच पुढं जातो.

चार महिन्यांनी, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, फळाचे डोळे उघडायला लागतात, दोन फुगवट्यांच्या मधली रेघ पांढरी-पिवळी दिसते. तेव्हाच तोडा. झाडावर पिकू दिलं तर पक्षी, खारी अन् शेजारची पोरं, आपल्याला टरफल. तोडलेलं गव्हाच्या भुश्यात घातलं की तीन-चार दिवसात मऊ. कच्चं फ्रीजमध्ये ठेवू नका, काळं पडतं आणि पिकत नाही. रबडीसाठी गर काढताना मिक्सर फिरवू नका, बी फुटलं की सगळं कडू. आणि बियाची पूड उवांसाठी डोक्याला लावायची जुनी पद्धत अजून काही घरांत चालते, ती बंद करा, डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.