नौदलाचे चकमकीचे पिस्तूल पारखताना

ब्रिटिश नौदलाच्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या, पिस्तुलांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने आरंभ 'सी सर्व्हिस' (नौसेवेच्या) पिस्तुलापासून करावा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नेपोलियनविरुद्धच्या युद्धांपर्यंत त्याची घडण फारशी बदलली नाही, त्यामुळे एकदा नजर बसली की ती दीर्घकाळ उपयोगी पडते. नळी साधारण १२ इंचांची (पुढे ९ इंचांचीही), दस्ता अक्रोडाचा, बार ठासण्याचा गज लाकडी, मुठीच्या तळाशी जड पितळी टोपी आणि डाव्या अंगाला कमरपट्ट्यात अडकवायचा पोलादी आकडा, अशी त्याची ठेवण असते. शत्रूच्या जहाजावर चढलेल्या खलाशाला दुसरा बार भरण्याची उसंत क्वचितच मिळे. मग तेच पिस्तूल उलटे धरून सोट्यासारखे वापरले जाई.

पिस्तूल हाती आले की सर्वप्रथम ते भरलेले नाही याची खात्री करावी. नळीत काठी घालून आत गेलेली लांबी मोजावी आणि ती बाहेरून रंजकाच्या छिद्रापर्यंतच्या (ज्यातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोहोचते त्या भोकापर्यंतच्या) लांबीशी ताडून पाहावी. काठी बरीच अलीकडे अडली, तर आत जुना बार असू शकतो आणि तो जाणकाराकडूनच काढून घ्यावा.

त्यानंतर खुणा पाहाव्यात. चकमक धरून आपटणारा घोडा ज्या पट्टीवर बसवलेला असतो, तिच्यावर मुकुट व 'जीआर' (जॉर्ज राजा) ही राजमुद्रा, सरकारी मालकीचा बाण आणि मागच्या टोकाला 'टॉवर' (लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागार) हा शब्द आढळतो. १७६४ पर्यंत तेथे कारागिराचे नाव व वर्ष कोरले जाई, पुढे ही प्रथा बंद पडली. म्हणून नंतरच्या घडणीच्या सरकारी पिस्तुलावर नाव-वर्ष दिसल्यास शंका घ्यावी. ईस्ट इंडिया कंपनीची शस्त्रे मात्र वेगळी मोजावीत, कारण त्यांवर आधी हृदयाकृती व्यापारचिन्ह आणि १८०८ नंतर उभा सिंह असे.

केवळ 'टॉवर' या शब्दावर भाळू नये, कारण तो आधुनिक नकलांवरही हमखास कोरलेला असतो. माझ्या मते लाकूडच अधिक खरे बोलते: पट्टी ज्या खोबणीत बसते तिच्या कडा, स्क्रूंभोवतीची झीज आणि धातूवरचा काळपटपणा हे सारे एकाच वयाचे वाटले पाहिजे. आकडा काढून टाकलेला असेल, तर त्याच्या जागी बुजवलेले भोक शोधावे. पिस्तूल मधल्या काळात टोपीच्या बाराचे (चकमकीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीने उडणारे) करून पुन्हा चकमकीचे केले असल्यास रंजकाच्या छिद्राभोवती भर घातल्याचे सहसा दिसते. अशा नगाची किंमत अस्सल नगाइतकी देऊ नये.

भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यातील सूट, डागडुजी केल्यावरही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या जुन्या शस्त्रालाच लागू होते, हे व्यवहारापूर्वी लक्षात घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुरावशेष कायद्याचीही बंधने आहेत.

घरी आणल्यावर पितळ चकचकीत घासू नये आणि चकमक लावून घोडा रिकामा पाडू नये. लोखंडावर मेणाचा पातळ हात पुरतो.