कर्जत-मुरबाडला प्लॉट घेताय? मग या चुका टाळा

आपल्या मुंबईकरांचं ठरलेलं असतं, डिसेंबरातल्या रविवारी एजंटच्या गाडीतून कर्जत, नेरळ नाहीतर मुरबाडला जायचं, गार हवा, समोर डोंगर, की लगेच टोकन देऊन मोकळे. अहो, प्लॉट बघायचा तर जुलैत बघा! 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, 'रिव्हर टच प्लॉट' अशी जाहिरात दिसली की मला आधी तीच आठवते. डोंगराचं पाणी कुठून उतरतं, रस्त्यावर चिखल किती होतो, हे भर पावसातच कळतं.

दुसरं म्हणजे "एनए होईल हो, प्रोसेसमध्ये आहे" यावर विश्वास ठेवणं. एनए म्हणजे जमीन बिगरशेती होणं, त्याचा कागद हातात द्या म्हणायचं, बस. शेतजमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. सातबारा महाभूलेखवर स्वतः काढा आणि नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका, 'भोगवटादार वर्ग 2' (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, इतर हक्कात कूळ किंवा बँकेचा बोजा आहे का तेही वाचा, आणि जमिनीच्या मागच्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट वकील आपलाच लावून काढा, एजंटचा नको. आठपेक्षा जास्त प्लॉटची स्कीम असेल तर महारेरा नंबर, म्हणजे स्कीमच्या सरकारी नोंदणीचा नंबर, मागा.

सगळ्यात कॉमन घोळ वेगळाच, घराचा प्लॅन आधी आणि प्लॉट नंतर. मोबाइलवर थ्री बीएचके बंगल्याचं डिझाइन पसंत करून ठेवतात आणि मग बजेटमध्ये बसतात म्हणून दोन गुंठे घेतात. दोन गुंठे म्हणजे 2178 स्क्वेअर फूट, ऐकायला भरपूर. पण समजा प्लॉट 33 बाय 66 आहे आणि मार्जिन चारही बाजूंनी 10 फूट सोडावं लागलं, तर बांधायला उरतं 13 बाय 46, म्हणजे आपल्या चाळीसारखी एकामागे एक खोल्यांची रांगच! म्हणून टोकनच्या आधी तिथल्या आर्किटेक्टला मार्जिन नि एफएसआय (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधता येतं ते) विचारा.

आता टोकन देऊन बसलाच असाल तर उरलेले पैसे थांबवा आणि मालकाला भूमी अभिलेखकडून मोजणी करून द्यायला सांगा. तुमच्यासमोर हद्दीच्या खुणा रोवल्या की प्लॉट किती कमी भरतो आणि रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या शेतातून, दोन्ही कळेल. मालक मोजणीला टाळाटाळ करायला लागला तर टोकन परत मागा.