तामणाचा जांभळा रंग मळकट येत होता: उपाय

लक्षण: जलरंगात तामणाच्या पाकळ्या ओल्या असताना छान जांभळ्या, वाळल्यावर राखाडी-तपकिरी. परागकोशांभोवती तर निव्वळ चिखल.

कागद बदलला, थर वाढवले, ट्यूबमधला तयार जांभळाही लावून पाहिला. चार चित्रं फुकट गेली.

दोष जांभळा बनवायला निळ्यात मिसळलेल्या लाल रंगात होता. कॅडमियम लाल केशरीकडे झुकतो, म्हणजे त्यात पिवळ्याची छटा आलीच. पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात. परागकोश पिवळेच, त्यामुळे तिथे दुहेरी मार.

चाललेला क्रम असा. कागद ३०० जीएसएम (जाड), हॉट प्रेस (गुळगुळीत), पूर्ण कॉटन. रेखाटनात सहा पाकळ्या, तळाशी देठासारख्या अरुंद, कडा चुरगळलेल्या. आधी फक्त परागकोश पिवळे करा आणि पूर्ण वाळू द्या. मग क्विनाक्रिडोन मॅजेन्टा (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीआर १२२) ३ भाग, अल्ट्रामरीन निळा (पीबी २९) १ भाग. पहिला थर जवळजवळ पाण्यासारखा, पिवळ्याला न शिवता. असे ३-४ थर. मधला थर ओलसर राहिला तर ब्रश खालचा रंग उचलतो आणि डाग पडतो. घड्यांच्या सावलीत काळा नको, त्याच मिश्रणात निळा वाढवा आणि १ नंबरच्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढा. पिवळ्यासाठी पाण्याचं भांडं वेगळं.

ऑपेरा या झगझगीत गुलाबी रंगाचा मोह होतोच, पण तो उजेडात उडतो. आणि रंगाचा नमुना ताज्या फुलावरूनच घ्या; जुनं होताना तामण फिकटत जातं.