मंडळी आणि इस्राएल: रोमकरांस पत्राचे ९ ते ११ अध्याय कसे वाचायचे

यहुदी लोकांची, म्हणजे बायबलमधल्या इस्राएलची, जागा आता मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती चर्चने, घेतलीय का, हा विषय निघाला की प्रत्येक जण बायबलचं एखादं वचन पुढे करतो आणि वाद सुरू होतो. तसं करू नका. आधी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचे ९, १०, ११ हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचून काढा, कारण नवव्यावरच थांबलात तर वाटतं देवाने इस्राएलला सोडूनच दिलं, आणि अकराव्याच्या पहिल्याच वचनात पौल तोच प्रश्न विचारून ठाम नाही म्हणतो, वर सांगतो मी स्वतः इस्राएली आहे, बन्यामीनच्या वंशातला.

मग ११:१७ ते २४ अगदी सावकाश वाचा. जैतुनाच्या काही फांद्या तोडल्यात आणि रानटी जैतुनाची फांदी तिथे कलम केलीय. झाड नवीन लावलेलं नाहीये, मूळ तेच आहे! आणि कलम केलेल्या फांदीला, म्हणजे परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना, १८व्या वचनात सरळ ताकीद आहे की फुशारकी मारू नका, तुम्ही मुळाला आधार देत नाही, मूळ तुम्हाला देतं.

आता २६व्या वचनाखाली पेन्सिलीने रेघ मारा, ‘सर्व इस्राएल’ तारले जाईल. मतं फुटतात ती इथे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने यात यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक धरले, पण त्याच्याच रिफॉर्म्ड परंपरेतले बरेच जण म्हणतात की शेवटी यहुदी लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळतील. एकोणिसाव्या शतकातल्या डार्बी या धर्मशिक्षकापासून आलेल्या पंथाचे लोक, डिस्पेन्सेशनलिस्ट, इस्राएल आणि मंडळी वेगळेच ठेवतात, देवाने इस्राएलला देश देण्याचं दिलेलं वचनही अजून उभं आहे म्हणतात. कॅथलिक चर्चने १९६५ च्या नोस्त्रा एताते या जाहीरनाम्यात सांगितलं की यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये.

जोडीला बायबलमधल्याच यिर्मया ३१:३१ आणि इब्री ८:१३ एकत्र वाचा. एकात देवाचा नवा करार इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशीच आहे, दुसऱ्यात पहिला करार जुना झालाय, दोन्ही धरूनच विचार करा, सोयीचं तेवढं उचलू नका.

इतिहासही वाचाच, टाळू नका. १५४३ साली प्रोटेस्टंट धर्मसुधारक लूथरने यहुद्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं, आणि हे रोमकरांस पत्र शिकवणाऱ्या माणसाने लिहिलं, म्हणून मला हा विषय नुसता पुस्तकी वाटत नाही.

शेवटी जे मत पटेल ते अकराव्याच्या २८ आणि २९ या वचनांसमोर ठेवा, तिथे पूर्वजांमुळे यहुदी लोक प्रिय आहेत आणि देवाचं पाचारण मागे घेतलं जात नाही असं आहे. बसत नसेल तर परत नवव्यापासून सुरुवात करा.