जुन्या ट्रकचा दणकट मागचा ॲक्सल: घेण्याआधी काय पाहावं, घेतल्यावर काय करावं

जुन्या पिकअप ट्रकखाली जड कामाचा ॲक्सल टाकायचा म्हणून माझ्याकडे लोक येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात मजबूत कुठला?" मी आधी विचारतो, ट्रक भरून चालवणार की रिकामा? मागे ट्रेलर लावणार का? टायर किती उंचीचे आहेत? ही उत्तरं मिळाल्याशिवाय मी कोणत्याच ॲक्सलचं नाव घेत नाही. दणकट ॲक्सल ही उत्तम वस्तू आहे, पण तिचं ओझं ट्रकला रोज वाहावं लागतं.

मजबुती नेमकी कशात आहे ते आधी समजून घ्या. हलक्या ट्रकमध्ये सहसा सेमी-फ्लोटिंग ॲक्सल असतो. त्यात ॲक्सल शाफ्ट, म्हणजे आतला दांडा, चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही झेलतो. शाफ्ट टोकाशी तुटला तर चाकच निसटू शकतं. जड कामाच्या ॲक्सलमध्ये बहुधा फुल-फ्लोटिंग रचना असते. हाऊसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, टोकाला जाड पोकळ स्पिंडल, त्यावर दोन टेपर रोलर बेरिंग, बेरिंगवर हब आणि हबवर चाक. सगळं वजन हब आणि हाऊसिंगवर जातं, शाफ्टच्या वाट्याला फक्त पीळ येतो. म्हणून चाक जमिनीवर ठेवूनच हबचे बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढता येतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. माल भरलेल्या ट्रकला याहून मोठा दिलासा नाही.

ओळखायला सोपं आहे. चाकाच्या मध्यातून हब बाहेर आलेला दिसतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असतं. तो फुल-फ्लोटर. चाकाचा मध्य सपाट असेल किंवा नुसती टोपी असेल तर बहुतेक वेळा सेमी-फ्लोटर. मधल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याच्या) कव्हरचे बोल्ट मोजून निर्णय घेऊ नका. जनरल मोटर्सच्या ज्या ॲक्सलला सगळे "फोर्टीन बोल्ट" म्हणतात, त्यात १०.५ इंची क्राउन गिअरचा (आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा) फुल-फ्लोटर आहे आणि ९.५ इंचाचा सेमी-फ्लोटरही आहे. दोघांच्या कव्हरला १४ बोल्टच असतात. डाना कंपनीच्या डाना ६० आणि डाना ७० या ॲक्सलच्या ओतीव भागावर बहुधा ६० किंवा ७० हा आकडा उठवलेला असतो. मात्र डाना ६० सुद्धा सेमी-फ्लोटिंग रूपात आलेला आहे, तेव्हा हबकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

या जातीतला माझा आवडता १०.५ इंचीच. १९७३ पासून तो जनरल मोटर्सच्या जड पिकअपखाली आला. त्याच्या पिनियनला, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, दोन टेपर बेरिंगांशिवाय आतल्या टोकाला तिसरा रोलर बेरिंग आहे. जोर आला की पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, दात नीट जुळत नाहीत आणि तुटतात. तो तिसरा बेरिंग नेमकं हेच ढकलणं अडवतो. शिवाय पिनियन त्याच्या घरासकट पुढून बाहेर येतो आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बाजूच्या आट्यांच्या नटांनी जमवता येतो. डाना ६० मध्ये कॅरियरच्या (क्राउन ज्यावर बसतो त्या भागाच्या) दोन्ही बाजूंना शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्या लागतात आणि हाऊसिंग किंचित फाकवायचं हत्यार लागतं. काम अवघड नाही, पण घाई करणाऱ्याचं नाही. डाना ६० चा क्राउन ९.७५ इंचांचा, डाना ७० चा साधारण १०.५ चा. फोर्डचा १०.२५ इंची ॲक्सल १९८५ च्या सुमारास आला, तोही भरवशाचा.

आता उणी बाजू. डिफरन्शियलचा गोळा मोठा असल्यामुळे खाली लोंबतो. खडकाळ वाटेवर सगळ्यात आधी तोच घासतो. काही जण १०.५ इंचीचं बूड कापून घेतात. ज्यांना खडकांवरूनच गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी ते ठीक, मालाच्या ट्रकला त्याची गरज मला कधी वाटली नाही. दुसरी गोष्ट, हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. रिकामा ट्रक खड्ड्यातून गेला की जड ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना वर ढकलतो आणि मागची बाजू उडते. महिन्यात एखाद्याच दिवशी माल भरणाऱ्याला हा त्रास रोज सोसावा लागतो. अशा माणसाला मी स्पष्ट सांगतो, तुमच्या ट्रकचा मूळ ॲक्सल चांगला असेल तर त्याचीच सील-बेरिंग बदला.

आणखी एक गैरसमज. ॲक्सल मोठा टाकला म्हणजे ट्रकची भारक्षमता वाढली असं नाही. चेसिस, पाटे, टायर, ब्रेक आणि पुढचा ॲक्सल जुनेच असतात. ट्रकच्या पाटीवर जेवढा एकूण भार लिहिलेला आहे, तेवढाच धरून चाला.

तपासणीत सगळ्यात जास्त वेळ घाला. ट्रक सपाट जागी उभा करा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू वर घेऊन ॲक्सलच्या नळ्यांखाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चाक वरून-खालून धरून हलवा. जाणवण्याइतका खडखडाट असेल तर हब बेरिंग सैल आहेत किंवा संपलेत. चाक हळू फिरवा आणि हात पाट्यावर ठेवा. बेरिंगचा खरखरीतपणा कानाआधी तळहाताला कळतो.

मग कव्हरखाली भांडं ठेवून तेल काढा. काळं तेल फारसं घाबरण्यासारखं नाही. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय, मग प्रत्येक बेरिंग बाहेर काढून पाहायचा. चुंबकाला राखाडी चिखल चिकटलेला असेल तर ती जुन्या ॲक्सलची नेहमीची झीज. चकचकीत कपचे हाताला लागले तर दात किंवा बेरिंगचे रोलर फुटायला लागलेत. कव्हर उघडल्यावर क्राउनचा प्रत्येक दात फडक्याने पुसून प्रकाशात पाहा. दोन्ही बाजूंना सारखा, गुळगुळीत घासलेला पट्टा दिसला तर ती जोडी एकमेकांना रुळलेली आहे. ती शांत चालत असेल तर तिला हात लावू नका. सील बदलायला पिनियनचा नट काढायचाच असेल तर आधी नट आणि शाफ्ट यांवर खुणा करा. बऱ्याच ॲक्सलमध्ये आत चेपणारी स्लीव्ह असते. हवेच्या गनने नट मनसोक्त आवळला की प्रीलोड (बेरिंगवरचा ठरावीक दाब) बिघडतो आणि काही दिवसांत पिनियन रडायला लागतो.

रस्त्यावर चालवता आला तर कान द्या. गॅस दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर ऐकू आला तर दोष क्राउन-पिनियनकडे. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेरिंगची. क्लच सोडताना "टक" झालं तर आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) सांध्यातला क्रॉस पाहा, मगच डिफरन्शियल उघडा. १०.५ इंचीमध्ये कारखान्यातून आलेला गव्हर्नर पद्धतीचा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) असेल तर सावध राहा. एक चाक फार जोरात फिरायला लागलं की तो अचानक, झटक्याने लॉक होतो. मोठ्या टायरच्या ट्रकमध्ये तो फुटण्यासाठीच ओळखला जातो. मी ग्राहकाला तो काढून टाकायचाच सल्ला देतो.

चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेलं दिसलं की लोक लगेच हबचं सील मागवतात. त्याआधी हाऊसिंगवरचा ब्रीदर पाहा. लहानशी टोपी असते, चिखलाने बुजते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि वाट न मिळाल्यामुळे तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर साफ न करता नवं सील टाकलं तर तेही गळणार. ब्रेकचे शू तेलाने भिजले असतील तर ते धुऊन परत वापरायचे नाहीत, बदलायचे. स्पिंडलवर बेरिंग बसतो तिथे नखाने खरडून पाहा. खाच लागली, निळसर डाग दिसला किंवा आट्या मेलेल्या दिसल्या तर तो ॲक्सल स्वस्तात मिळाला तरी महागच पडेल.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, ॲक्सलच्या पाटीवर वाचता येत नसेल तर मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं उचला, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार आणि थोडंसं वर भरलं तर ४.१०, साडेचारच्या पुढे गेलं तर ४.५६. कव्हर उघडं असेल तर क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ ला ११ ने भागलं की ३.७३, १० ने भागलं की ४.१०.

हा आकडा हलका धरू नका. ८० सेंटीमीटर उंचीच्या टायरवर ताशी ९० किमीला, वरचा गिअर थेट असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये, ३.७३ ला इंजिन मिनिटाला साधारण २२३० फेरे घेतं, ४.१० ला २४५० आणि ४.५६ ला २७२०. जड ट्रकांखालचे बरेच ॲक्सल ४.१० किंवा त्याहून जास्त रेशोचे असतात. चढावर ते सोन्यासारखे, लांबच्या सपाट रस्त्यावर इंजिन दिवसभर ओरडत राहतं. पुढच्या चाकांनाही ताकद जाणारा ट्रक असेल तर पुढचा रेशोही जुळलाच पाहिजे. गिअर बदलून रेशो जमवू म्हणाल तर डाना ६० आणि १०.५ इंची, दोन्हींत ४.१० पर्यंतचे आणि ४.५६ पासून वरचे क्राउन वेगवेगळ्या कॅरियरवर बसतात. म्हणजे आत लॉकर असेल तर तोही दुसरा घ्यावा लागू शकतो.

बसवताना टेप घेऊनच जा. पाट्यांच्या पॅडमधलं (पाटे ॲक्सलवर टेकतात त्या बैठकांमधलं) अंतर, दोन चाकांच्या बसण्याच्या जागांमधली रुंदी, क्रॉसचा आकार, प्रोपेलर शाफ्टची लांबी, हँडब्रेकच्या केबलची टोकं. दुहेरी चाकांच्या ट्रकचा ॲक्सल एकेरी चाकांच्या ट्रकला रुंदीत जुळेलच असं नाही. जुन्या आठ स्टडच्या हबला बहुधा १६५.१ मिमीचा वर्तुळव्यास असतो, तेव्हा पुढे पाच किंवा सहा स्टड असतील तर एकच स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. ॲक्सल उचलायला होइस्ट लावा, कमरेवर घेऊ नका. पिनियनचा कोन जमेपर्यंत पाट्यांचे पॅड वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी नुसते धरून ठेवा, पूर्ण वेल्डिंग ट्रकचं वजन पाट्यांवर आल्यावर.

हब बसवताना बेरिंगमध्ये हाताने तेल किंवा ग्रीस नीट भरा. चाक फिरवत नट आवळा म्हणजे रोलर बसतात. मग नट पूर्ण सैल करा, बोटांनी टेकवा आणि लॉकच्या जवळच्या खाचेपर्यंत किंचित मागे घ्या. नेमकं माप त्या ॲक्सलच्या पुस्तकातलंच धरा. शेवटी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं हायपॉइड तेल, बहुधा जीएल-५, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत घाला. इथे काम संपलं असं समजू नका. या हबांना तेल नळीतूनच पोहोचतं. एक बाजू उचलून काही मिनिटं थांबा, मग दुसरी बाजू उचला, गाडी परत सपाट करा आणि पातळी पाहा. ती खाली गेलेली असते. पुन्हा भरा आणि झाकण लावा. थोडं अंतर चालवून आल्यावर दोन्ही हबांना हात लावून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापला असेल तर त्या बाजूचा नट जास्त आवळला गेलाय किंवा ब्रेक घासतोय. ते दुरुस्त केल्याशिवाय माल भरू नका.