आधी काटा, मग गोदाम

पंधरा दिवसांत एखादा तरी फोन येतोच. "आप्पा, आमले कंपनी काढनी शे, गोदामनं अनुदान कसं भेटस?" मी उलट विचारतो, "वजनाचा काटा आहे का?" पलीकडे शांतता. अनुदानाचं विचारणारे खूप, काट्याचं कोणी विचारत नाही.

मी एकतीस वर्षं विकास सोसायटीत गटसचिव होतो. अमळनेर आणि पारोळा तालुक्यांच्या मधली, बोरीच्या दोन्ही अंगांची गावं. कर्जवाटप, वसुली, ३१ मार्चची धावपळ, सगळं केलं. निवृत्त झाल्यावर गावातल्या पोरांनी शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच मालक असलेली कंपनी, काढली आणि हिशेब माझ्या गळ्यात घातला. सभासद मका पिकवणारे आणि बकऱ्या पाळणारे. कागदावर शेळी, गावात बकरी. मी बकरीच लिहिणार. सात वर्षांत जे जमलं आणि जे अंगलट आलं, ते इथे सांगतो. तुमच्या गावात तूर असेल, मिरची असेल, पण पद्धत हीच.

सोसायटी की कंपनी, हा वाद आधी मिटवा. दोन्ही लागतात. पीककर्जासाठी सोसायटी सोडू नका. वेळेत फेड केली तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, आणि २०१८-१९ पासून बकऱ्यांच्या खेळत्या भांडवलालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. मालाची खरेदी-विक्री मात्र कंपनीकडे ठेवा. सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखाली, निबंधकाच्या नजरेखाली आणि गावच्या निवडणुकीत अडकलेली. उत्पादक कंपनीला दहा उत्पादक पुरतात, संचालक पाच ते पंधरा, आणि शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला हे शेवटचं वाक्य नोंदणीच्या आधीच वाचून दाखवा. नंतर कळलं तर रुसवा धरतो.

केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना २०२० साली आली. मैदानी भागात किमान ३०० सभासद, तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत, आणि सभासदाने भरलेल्या भांडवलाइतकीच भर, माणशी २,००० पर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख, असं ठरलं होतं. अशी मदत मिळाली तर घ्या. पण मॅनेजरचा पगार त्यावर बेतू नका, चौथ्या वर्षी तो पगार कुठून देणार हे पहिल्या वर्षीच ठरवा.

आता काटा.

आमच्याकडे बकरीचा सौदा अंदाजावर चालायचा. व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवर, कमरेच्या हाडावर हात फिरवतो, उचलून पाहतो, आणि आकडा बोलतो. बाजारात तर रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव होतो. शेजारी उभ्या मालकिणीला काय ठरलं ते शेवटी कळतं. आम्ही पहिल्या वर्षी फक्त शंभर किलोचा टांगता डिजिटल काटा घेतला आणि जाड गोणपाटाचा झोळा शिवून घेतला, चारी पाय खाली सुटतील अशी भोकं ठेवून. चिंचेच्या फांदीला काटा टांगला. गावातल्या एका आजींचा बोकड व्यापाऱ्याने बावीस किलोचा धरून साडेसात हजाराला मागितला होता. झोळ्यात घातला तर २७.४. किलोला ३५० धरले तर ९,५९० होतात. व्यापारी काट्याखाली वाकून बघायला लागला, काटा हलवून पाहिला, पुन्हा मोजायला लावला. पुन्हा २७.४. त्याने तेवढे दिले. आजींनी एवढंच विचारलं, "मंग मागला साली किती बुडनात मना?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काट्याचे नियम थोडे आहेत, पण मोडायचे नाहीत. मोजणी सकाळी, चारापाण्याच्या आधी; पाणी पाजून वजन वाढवणारे आपल्यातही आहेत. वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी करून घ्या आणि दाखला काट्याशेजारीच लावा. वीस किलोचं प्रमाणित वजन जवळ ठेवा, शंका घेणाऱ्याला ते स्वतः टांगू द्या. पावती कार्बनची, दोन प्रतींत, तिथल्या तिथे. आणि संचालकाचा बोकड मोजताना काट्यावर तो संचालक उभा राहणार नाही. हा नियम आम्ही एका भांडणानंतर केला. तुम्ही भांडणाआधी करा.

मक्यात आम्ही जी चूक केली ती माझी स्वतःची होती, म्हणून सविस्तर सांगतो. दिवाळीच्या तोंडावर खरिपाचा मका निघतो, सगळ्यांना पैशांची घाई, आणि तेव्हाच माल ओला असतो. मी शंभर क्विंटल मका दाताखाली दाणा फोडून "वाळलाय" म्हणत घेतला. ओलावा मीटर घ्यायचा राहिला होता. थप्पी लावली, वर ताडपत्री. आठव्या दिवशी थप्पीत हात घातला तर आत ऊब लागली. पोती फोडली, मधल्या दाण्यांच्या टोकाला हिरवट-काळी बुरशी, वास आंबूस. कोंबडीखाद्यवाल्याने गाडी दारातून परत पाठवली. त्याचं बरोबरच होतं.

नंतर मीटर आणला तेव्हा गणित कळलं. १८ टक्के ओलाव्याच्या शंभर क्विंटलमध्ये कोरडा भाग ८२ क्विंटल. तोच माल १४ टक्क्यांवर आणला की ८२ भागिले ०.८६, म्हणजे साधारण ९५.३५ क्विंटल उरतो. बुरशी लागली नाही तरी साडेचार क्विंटलच्या वर हवेत गेले. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २,४०० धरला तर ११ हजारांच्या वर. हे पैसे कोणी खाल्ले नाहीत, तरी सभेत लोक माझ्याकडेच बघत होते.

तेव्हापासून गोदामाच्या दारावर तक्ता आहे. १४ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव. वर असेल तर वरच्या हिशेबाने वजन धरायचं, आणि शेतकऱ्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवायचं. १८ च्या वर असेल तर घ्यायचाच नाही. ताडपत्री द्यायची, खळ्यात दोन-तीन उन्हं दाखवून आण म्हणायचं. ताडपत्र्या कंपनीच्या, भाडं नाही. गोदामाच्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे, आणि सभासद टिकतात ते याच्यामुळे. मीटरमध्ये नमुना टाकताना पोत्याच्या तोंडातला दाणा घेऊ नका, बंबी (नमुना काढायची टोकदार नळी) मारून पोत्याच्या पोटातला घ्या. तोंडाशी वाळलेला आणि पोटात ओला, ही कला सगळ्या गावांना येते.

वाळवायला सांगितलं की शेतकरी म्हणतो, "पैसा कधी भेटतीन?" इथे बहुतेक कंपन्या पडतात. व्यापारी कडता (वजनातली घट) कापतो, हमाली-तोलाई लावतो, पण नोट हातावर ठेवतो. आपण दोन रुपये जास्त देऊ, पण महिन्याने, असं म्हटलं की माल व्यापाऱ्याच्या ट्रॉलीत. म्हणून उचल द्यावी लागते. माल वजन होऊन आत आला की त्या दिवशीच्या भावाच्या सत्तर टक्के त्याच आठवड्यात खात्यावर, उरलेले विक्रीनंतर. एवढं खेळतं भांडवल नसेल तर तेवढाच माल घ्या जेवढ्याची उचल देता येईल. शिवाय बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल समितीच्या गोदामात ठेवून मालाप्रमाणे किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे सप्टेंबरातच जाऊन विचारा. दिवाळीत गेलात तर रांगेत उभे राहाल.

मका विकून जो चुरा, लहान दाणा मागे राहतो, तो बकऱ्यांकडे वळवायचा. बुरशीचा मात्र नाही, एक मूठसुद्धा नाही. आम्ही चक्की लावून भरडा करतो. शंभर किलो खुराकात मक्याचा भरडा ४०, शेंगदाणा पेंड २०, तूर चुनी २०, गव्हाचा कोंडा १७, क्षार मिश्रण २ आणि मीठ १. वाढीच्या पाटीला (तरुण बकरीला) किंवा बोकडाला दिवसाला पाव किलो पुरतो. सुरुवात पन्नास ग्रॅमपासून करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवा. एकदम पायलीभर भरडा पुढे ठेवला की पोट आंबतं, बकरी सकाळी आडवी. बाकी पोट भरायला तुरीचं कुटार आणि दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, कुट्टी करून. न केल्यास निम्मा पायाखाली जातो. मुरघास करायचा असेल तर मका दाणा अर्धवट चिकात असताना कापा, बारीक कुट्टी करा, पिशवीत तुडवून तुडवून हवा काढा, आणि पंचेचाळीस दिवस पिशवीचं तोंड उघडू नका. उंदराने पिशवी कुरतडली तर चिकटपट्टी त्याच दिवशी.

डुकराचंही सांगतो, कारण यावलकडचा एक तरुण आमच्याकडून मका नेतो. वराहपालन म्हटलं की गावात नाकं मुरडतात, पण राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढी, कुक्कुट आणि वराह हे तिन्ही व्यवसाय आहेत. त्याच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा. बुरशीच्या मक्याने डुकरिणीचं माजचक्र बिघडतं, गाभ टिकत नाही, म्हणून आमच्या मीटरचा आकडा तो आमच्यापेक्षा बारकाईने बघतो. तो हॉटेलचं उष्टंही वापरतो, पण उकळल्याशिवाय नाही. आफ्रिकन स्वाइन फिव्हर असल्या उष्ट्यातूनही शिरतो. असा एक ग्राहक ठोक व्यापाऱ्यापेक्षा बरा. वर्षभर नेतो आणि माल खराब असेल तर तोंडावर सांगतो.

बकऱ्यांच्या आजारपणात कंपनीने डॉक्टर व्हायचं नाही, वेळापत्रक सांभाळायचं. पीपीआरची (बकऱ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांवरच्या पिलांना, एकदा दिली की सुमारे तीन वर्षं चालते. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. एकेकट्याने दवाखान्यात जाण्यापेक्षा गावाचा एक दिवस ठरवा, डॉक्टरांना आधी यादी द्या, लस बर्फात आहे ना ते बघा. अडीअडचणीला १९६२ वर फोन करता येतो. बाजारातून आणलेला जीव एकवीस दिवस वेगळा बांधा. आमच्या एका सभासदाने बाजारातून दोन देखण्या पाट्या आणून थेट कळपात सोडल्या. दहा दिवसांत नाकं वाहायला लागली, हगवण लागली. अकरा बकऱ्या गेल्या. विमा काढलेला नव्हता. आता विम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा पंधराच टक्के आहे, पण कानातला बिल्ला हवा, म्हणून बिल्ले आम्ही लसीच्या दिवशीच मारून घेतो.

विक्री एकगठ्ठा करायची तर बकरी ईद धरा. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं. गाभण काळ पाच महिने, म्हणजे ईदेच्या सतरा-अठरा महिने आधी बकरी फळली पाहिजे. कॅलेंडरवर उलटं मोजा आणि सभासदांना त्या महिन्यात पैदाशीचा बोकड फिरवून द्या. चाळीस बोकड एका दिवशी एका काट्यावर उभे राहिले की व्यापारी स्वतः गावात येतो, आणि भाड्याचा टेम्पो त्याचा.

नफा उरला तर वाटपात घोळ करू नका. शेअरवर मर्यादित लाभांश, आणि बाकी बोनस ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात. पावतीपुस्तक इथे कामाला येतं. ज्याने शेअर घेतला आणि माल व्यापाऱ्याला घातला त्याला बोनस शून्य; तो सभेत बोलेल, बोलू द्या.

कागदाचं थोडं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस चौदा दिवस आधी. नंतर हिशेबाचा फॉर्म तीस दिवसांत, वार्षिक विवरण साठ दिवसांत. चुकलात तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, आणि सीए आठवण करून देईलच असं नाही. कोरम एक चतुर्थांश, म्हणजे तीनशे सभासदांत पंचाहत्तर डोकी हवीत. सप्टेंबर अखेरीस कापूस वेचणी लागली की पंचाहत्तर सोडा, पंचवीस येत नाहीत. आम्ही सभा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला ठेवतो. बैलाला सुट्टी असते, माणूस गावातच असतो. त्यासाठी ऑडिट जुलैतच उरकावं लागतं.